जे-झीचा प्लॉट आणि आपली अभ्यासिका

माझे पप्पा आणि जे-झी यांना एकच हळहळ आहे. तेव्हाच घेऊन ठेवायला हवं होतं. पप्पांची हळहळ आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासलगत असलेल्या प्लॉटची. १९९८ साली तो पन्नास हजारांत मिळत होता, आज तिथे मंगल कार्यालय उभं आहे. जे-झीची हळहळ न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डम्बो भागातल्या एका इमारतीची. तो भाग अजून कुणाच्या नजरेत भरला नव्हता तेव्हा ती वीस लाख डॉलरला मिळत होती, आज तिची किंमत अडीच कोटी डॉलर आहे, असं तो '४:४४' या २०१७ सालच्या अल्बममधल्या 'द स्टोरी ऑफ ओ. जे.' या गाण्यात सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसले. मग हसू ओसरलं. कारण पप्पांना तो प्लॉट का मिळाला नाही हे मला माहीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट या गाण्यात नाही.

मी जे-झीची जुनी चाहती आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका सीनियरने मेमरी कार्डात त्याची गाणी भरून दिली होती. वर्गात इंग्रजीचं एक वाक्य बोलायचं तर मला घाम फुटायचा, आणि हा माणूस न अडखळता त्या भाषेला हवं तसं वाकवत होता. तेही ब्रुकलिनच्या झोपडपट्टीसारख्या सरकारी चाळींतल्या बोलीत, कुणाच्याही परवानगीशिवाय. तो ओळी कागदावर उतरवत नाही, डोक्यातच रचतो, हे कळलं तेव्हा तर तो मला आपल्या गायन पार्ट्यांतलाच कुणी वाटला. भीमजयंतीला रात्र-रात्र चालणारे सवाल-जवाबाचे मुकाबले ज्यांनी ऐकलेत, त्यांना रॅपमधली फुशारकी आणि समोरच्यावर केलेली कुरघोडी समजावून सांगावी लागत नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव शॉन कार्टर. जन्म १९६९. ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायवेसंट वस्तीत मार्सी हाउसेस नावाचा सरकारी गृहप्रकल्प आहे, तिथे तो वाढला. तो अकरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. तरुणपणी त्याने क्रॅक कोकेन विकलं. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही तेव्हा दोन साथीदारांबरोबर स्वतःची कंपनी काढून त्याने १९९६ साली पहिला अल्बम आणला. आज तो कोट्यवधी डॉलरचा धनी आहे, बियॉन्सेचा नवरा आहे. २०१७ साली अमेरिकेच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. तो मान मिळालेला तो पहिला रॅपर.

'४:४४' हा त्याचा तेरावा स्टुडिओ अल्बम ३० जून २०१७ ला आला. आधी फक्त 'टायडल'वर, म्हणजे तेव्हा त्याच्या स्वतःच्याच असलेल्या कंपनीवर, आणि 'स्प्रिंट' या अमेरिकन मोबाइल कंपनीच्या ग्राहकांसाठी. आमच्या हॉस्टेलमध्ये यातलं काहीच कुणाकडे नाही. आठवडाभराने तो इतरत्र आला तेव्हा एका मैत्रिणीच्या फोनवर ऐकला. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. त्यानंतर किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही.

संगीताच्या अंगाने हा त्याचा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात बांधेसूद अल्बम आहे. पूर्ण अल्बमची निर्मिती नो आय.डी. या शिकागोच्या जुन्या जाणत्या निर्मात्याने केली आहे. कृष्णवर्णीय संगीताच्या जुन्या तबकड्यांमधले तुकडे कापून त्याने चाली बांधल्या आहेत. नीना सिमोन, स्टीव्ही वंडर, डॉनी हॅथवे, गॉस्पेल गाणाऱ्या क्लार्क सिस्टर्स. या आवाजांसमोर जे-झी ओरडत नाही. तो बोलतो, कधी कधी तर पुटपुटतो. आधीच्या अल्बममध्ये महागड्या चित्रांची आणि घड्याळांची यादी ऐकून माझ्यासारखीला कंटाळा यायला लागला होता. इथे तो पहिल्याच गाण्यात 'जे-झी' या आपल्याच प्रतिमेला मारून टाकायचं म्हणतो आणि मग शॉन कार्टर बोलायला लागतो.

आता 'द स्टोरी ऑफ ओ. जे.'कडे येते. या अल्बममधलं आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं गाणं तेच.

ओ. जे. सिम्प्सन हा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू. पुढे नट झाला, जाहिरातींतला लाडका चेहरा झाला, आणि मग खुनाच्या खटल्यात अडकला. १९९५ साली तो निर्दोष सुटला. आपण काळे नाही, आपण ओ. जे. आहोत, अशी त्याची भूमिका असल्याचं सांगितलं जातं. जे-झी त्या भूमिकेची एका क्षणात टर उडवतो. फिका रंग असो की गडद, शेतात राबणारा असो की मालकाच्या घरात वावरणारा, गरीब असो की श्रीमंत, शेवटी जग तुम्हाला त्या एकाच अपमानाच्या शब्दाने हाक मारणार, एवढंच हे गाणं पुन्हा पुन्हा सांगतं. मागे नीना सिमोनचा तुटक-तुटक आवाज आहे, तोही वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार काळ्या स्त्रियांवरच्या तिच्या १९६६ च्या गाण्यातला. व्हिडिओ काळ्या-पांढऱ्या कार्टूनचा आहे. जुन्या अमेरिकन कार्टूनपटांत काळ्या माणसांचे ओठ आणि डोळे जसे विद्रूप करून काढायचे, अगदी तसाच तो मुद्दाम काढला आहे. त्या विद्रूप चेहऱ्यांमध्ये जे-झीने स्वतःलाही बसवलं आहे. एवढे पैसे कमावूनही.

आपल्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्यातही 'मी ओ. जे. आहे' म्हणण्याचे अनेक प्रकार आहेत. आडनाव गाळून फक्त नाव लिहिणं. गावाचं नाव लावणं. ऑफिसात भीमजयंतीची सुट्टी न मागणं. 'आम्ही त्यांच्यातले नाही' असं पोटजातीचा दाखला देत सांगणं. मी यातलं काहीच केलेलं नाही असं म्हणणार नाही. पीएच.डी.ला आल्यावर खोली शोधताना घरमालकिणीने पूर्ण नाव विचारलं, तेव्हा मी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव सांगितलं होतं. खोली मिळाली. दोन महिन्यांनी घरी आलेल्या पत्रावर पूर्ण नाव होतं. त्यानंतर तिला अचानक भाच्यासाठी खोली हवी झाली. फिका रंग, गडद रंग, एम.ए., पीएच.डी. गाणं म्हणतं तेच झालं.

इथपर्यंत जे-झीचं सगळं पटतं. गाण्याचा दुसरा भाग मात्र उपाय सांगतो, आणि तिथे माझी गाडी अडते.

उपाय असा की, पैसा उधळू नका, मालमत्ता घ्या. डम्बोतली इमारत घेतली नाही हा आपला मूर्खपणा होता. याउलट एक चित्र दहा लाख डॉलरला घेतलं, त्याचे आधी वीस लाख झाले, मग ऐंशी लाख, आणि ते आता मुलांना जाईल, हा शहाणपणा. या उपदेशात तो ज्यू लोकांच्या मालमत्तेचंही उदाहरण देतो. कौतुकानेच देतो, पण ते ज्यूंबद्दलच्या जुन्या पूर्वग्रहाला खतपाणी घालणारं आहे. त्यावर अमेरिकेतल्या ज्यू संघटनेने चिंता व्यक्त केली ती बरोबरच होती. एका अख्ख्या समाजाला एका म्हणीत कोंबलं की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. इमारत न घेणं हा खरंच फक्त मूर्खपणा होता का?

बेडफर्ड-स्टायवेसंट, जिथे जे-झी वाढला, तीच वस्ती १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने नकाशावर लाल रंगवली होती. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. जिथे काळे लोक राहतात ती जागा धोक्याची, असा तो सरळ हिशेब होता. १९३४ पासून अमेरिकन सरकार घरकर्जांना विम्याचं संरक्षण देऊ लागलं, आणि त्याचा फायदा प्रामुख्याने गोऱ्यांच्या उपनगरांना झाला. गोऱ्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांनी त्या घरांच्या जोरावर मुलं शिकवली, धंदे काढले. २०१३ सालच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती मध्यम काळ्या कुटुंबाच्या तेरा पट होती. ही दरी चैनीच्या सवयींमुळे पडलेली नाही. ती पाडली गेली. जे-झी ज्या दिवशी इमारत घ्यायला चुकला त्याच्या साठ वर्षं आधी त्याच्या वस्तीभोवती लाल रेघ ओढली गेली होती. गाण्यात त्याची चूक आहे, पण ती रेघ नाही.

म्हणून मला पप्पांचा प्लॉट आठवला. पप्पा एसटीच्या वर्कशॉपात होते. प्लॉटची गोष्ट ते नेहमी एकाच वाक्यात संपवतात, 'मी उशीर केला.' मी एम.ए. करत असताना आईने मला पूर्ण गोष्ट सांगितली. पप्पा टोकन घेऊन मालकाकडे गेले होते. त्याने चहा दिला. आडनाव विचारलं. मग घर कुठल्या गल्लीत ते विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, भावाभावांत वाद आहे, विकायचं रहित केलंय. महिन्याभरात तो प्लॉट दुसऱ्याला गेला. पप्पांनी उशीर केला नव्हता. त्यांना मागे फिरवलं होतं. पण अपमान झाला असं म्हणण्यापेक्षा उशीर झाला असं म्हणणं त्यांना सोपं गेलं. वीस वर्षांत ते त्यांनाच खरं वाटायला लागलं.

जे-झीच्या त्या ओळींत मला हेच ऐकू येतं. पिळल्या गेलेल्या माणसाने व्यवस्थेचा दोष स्वतःच्या चुकीच्या खात्यावर मांडलेला. असं केल्याने आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं, हे मला समजतं. चूक आपली असेल तर ती सुधारता येते. पण त्यातून मुलांना चुकीचा हिशेब शिकवला जातो. मग ज्याला प्लॉट मिळाला नाही तो आळशी, आणि ज्याला मिळाला तो हुशार.

आपल्याकडेही हा वाद नवा नाही. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की', म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, सुरू केली तेव्हापासून भांडवल हाच मुक्तीचा मार्ग आहे का, यावर आपण भांडतो आहोत. मला यात कुणाची टिंगल करायची नाही. ज्यांच्या पिढ्यांकडे गावकुसाबाहेरच्या खोपटाशिवाय काहीच नव्हतं, त्यांनी घर घेणं, दुकान काढणं हा हव्यास नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या जमिनी आहेत त्यांनी आपल्याला साधेपणा शिकवू नये. माझा प्रश्न पुढचा आहे. घेतल्यावर ते कुणाचं?

अल्बमचं शेवटचं गाणं 'लेगसी', म्हणजे वारसा. सुरुवातीला जे-झीची लहान मुलगी ब्ल्यू आयव्ही विचारते, मृत्युपत्र म्हणजे काय. आणि बाप उत्तर देऊ लागतो. गाणं हळवं आहे, प्रामाणिकही आहे. धर्मोपदेशक आजोबांनी घरातच केलेल्या अत्याचारापर्यंत ते जातं, म्हणजे वारशात पैशाबरोबर जखमाही येतात हे ते लपवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी संपत्ती हवी, असं तो म्हणतो तेव्हा त्यामागे मार्सी हाउसेसची थंडी जाणवते. तरी ते मृत्युपत्र शेवटी एका कुटुंबाचंच राहतं.

जे-झी समाजाला विसरला असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या फादर्स डेला जामिनासाठी पैसे नाहीत म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्या बापांना सोडवायला त्याने मदत केली. आईबरोबर त्याने गरीब मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे. पण देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती त्याची कमाई कमी-जास्त करते, वस्तीभोवतीची रेघ पुसत नाही.

याच न्यूयॉर्कमध्ये शंभर वर्षांपूर्वी, १९१३ ते १९१६, कोलंबिया विद्यापीठात एक पहिल्या पिढीचा विद्यार्थी शिकत होता. परतल्यावर त्यानेही घर बांधलं. दादरचं राजगृह. पण ते घर बांधताना त्याच्या डोक्यात आधी पुस्तकांची जागा होती. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादेत मिलिंद. वारसा मुलांसाठी ठेवायचा असतो हे बाबासाहेबांनाही मान्य होतं. फक्त त्यांनी मुलं कोण हे ठरवताना आपल्या घरापाशी रेघ ओढली नाही. आणि १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांबद्दल त्यांनी जी व्यथा मांडली, ती आपल्यातल्या प्रत्येक पदवीधराने स्वतःला उद्देशून वाचायला हवी. त्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, आधी १९५९ मध्ये, मग १९६४-६५ मध्ये देशभर. हजारो माणसं तुरुंगात गेली. त्यात माझे आजोबा होते. त्यांनी जमीन मागितली होती, पण स्वतःपुरती नाही.

आजोबांनी सगळ्यांसाठी जमीन मागितली. पप्पांनी घरासाठी प्लॉट मागितला. माझ्या वाट्याला फेलोशिप आली. तीन पिढ्यांत आपण वर आलो की आत आक्रसलो, हा प्रश्न मला या अल्बमने विचारला. म्हणूनच त्याच्यावर कितीही आक्षेप असले तरी मी त्याला मोठं मानते.

मोठं मानण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बायकांशी संबंधित आहे. तरुण जे-झीच्या गाण्यांत बायका म्हणजे वस्तू होत्या. चाहती असूनही मी ती गाणी इयरफोन लावूनच ऐकायचे. इथे 'स्माइल' या गाण्यात त्याची आई ग्लोरिया कार्टर स्त्रीवर प्रेम करते हे तो जाहीरपणे सांगतो, तिला इतकी वर्षं लपून जगावं लागलं हे सांगतो, आणि शेवटी आई स्वतःच्या आवाजात बोलते. शीर्षकगीतात तो बियॉन्सेची माफी मागतो, स्वतःच्या बेइमानीचा पाढा वाचतो. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की बियॉन्सेने हे सगळं २०१६ साली 'लेमोनेड'मध्ये आधीच सांगून टाकलं होतं. ती बोलली, म्हणून त्याला खरं बोलावं लागलं. पप्पांच्या प्लॉटची खरी गोष्टही मला आईकडूनच कळली. चळवळीच्या इतिहासातही बायकांचं म्हणणं नेहमी उशिरा का नोंदवलं जातं, यावर आपण स्वतंत्रपणे बोलू. पण सत्तेचाळीस वर्षांच्या, जिंकलेल्या पुरुषाने आपल्या कुटुंबातलं मोडकं-तोडकं असं उघड मांडणं ही लहान गोष्ट नाही. आपल्या नेत्यांना, कवींना, आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषांना ते अजून जमलेलं नाही.

तर माझं मत असं. अल्बम ऐकाच. त्यातलं निदान खरं आहे, पैशाने आणि पदवीने तो शब्द पुसला जात नाही. त्यातला उपाय अर्धा आहे. प्लॉट घ्या, पण प्लॉट न मिळालेल्याला मूर्ख म्हणू नका. आणि मृत्युपत्र लिहायची वेळ येण्याआधी ठरवा की त्यात आपल्या घराबाहेरचं कोण आहे.

सात महिने अडकलेली माझी फेलोशिप गेल्या आठवड्यात एकदम खात्यावर आली. पप्पांनी एन.ए. लेआउटमधला एक प्लॉट बघून ठेवलाय, आता या वेळी उशीर नको म्हणतात. दुसरीकडे आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागची अभ्यासिका गळते आहे. दहावीपासून बी.ए.पर्यंत मी तिथेच बसून अभ्यास केला. आज तिथे स्पर्धा परीक्षेची पंधरा-वीस पोरं-पोरी बादल्या ठेवून बसतात.

काल रात्री फोन केला. म्हटलं, पप्पा, प्लॉट घेऊ, आईच्या नावावर घेऊ. पण आधी अभ्यासिकेचे पत्रे बदलू, प्लॉटचं टोकन त्यानंतर. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, 'लांबी किती आहे तिची? उद्या टेप घेऊन जातो. पत्रे मोजूनच आणावे लागतील.'